कृषी केंद्राच्या उधारीसाठी डीबी ब्राउझर : दोन खरिपांचा अनुभव

जूनचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेसात. मारवडहून एका शेतकऱ्याचा फोन : "भो, मक्का उगनाच नही." एखाद्या शेतात बी खोल पडतं, ओल कमी असते, उगवण मागेपुढे होते. म्हणून मी त्यांना पिशवीवरच्या टॅगचा फोटो पाठवायला सांगितलं. तो येतो न येतो तोच पातोंड्याहून दुसरा फोन. लॉट नंबर तोच.

पूर्वी असं झालं असतं तर मी आणि अण्णा दिवसभर बिलबुकं चाळत बसलो असतो. त्या दिवशी दुकानाचं शटर उघडलं, संगणक सुरू केला आणि एक क्वेरी, म्हणजे साठवलेल्या नोंदींना विचारायचा प्रश्न, लिहिली. त्या लॉटच्या पिशव्या नेणारे 23 जण, 6 गावं, सगळ्यांचे फोन नंबर समोर आले. नऊ वाजायच्या आत सगळ्यांना फोन झाले. त्यातल्या 9 जणांनी अजून पेरणीच केली नव्हती. त्यांना थांबवता आलं, पिशव्या परत घेतल्या. बाकीच्यांना पावती, रिकामी पिशवी आणि टॅग जपून ठेवायला सांगितलं आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार द्यायला लावली. दुबार पेरणीचा खर्च काय असतो हे इथे वेगळं सांगायला नको. बी, मजुरी, आणि वर गेलेली ओल.

हे ज्यावर केलं ते सॉफ्टवेअर म्हणजे 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट'. अमळनेरला आमचं कृषी केंद्र आहे, अण्णांनी सुरू केलेलं. 2024 च्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, मी उधारी आणि मालाच्या नोंदी यात ठेवतोय. दोन खरीप गेले. जे सांगतोय ते वापरून सांगतोय.

आधी वस्तू काय आहे ते. एसक्यूलाइट हा डेटाबेस, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडून ठेवायची सोय. डी. रिचर्ड हिप यांनी तो 2000 साली अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेवरच्या कामातून तयार केला. तिथला मोठा डेटाबेस सर्व्हर बंद पडला की काम अडायचं, म्हणून सर्व्हरच लागणार नाही असं काहीतरी त्यांना हवं होतं. सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. आपल्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये हाच डेटाबेस असतो, व्हॉट्सॲपचे मेसेजही यातच साठतात. डीबी ब्राउझर म्हणजे ती फाइल उघडायची खिडकी. दोन्ही फुकट. लायसन्स नाही, दरवर्षीचं नूतनीकरण नाही. माझा दुकानातला संगणक जुना आहे, 4 जीबी रॅमचा. त्यावर अडखळत नाही.

माझी फाइल साधी आहे : माल, खाते, नोंद, जमा असे चार तक्ते. बियाण्याची क्वेरी उच्चाराप्रमाणे लिहायची तर अशी : सिलेक्ट नाव, गाव, फोन, पिशव्या फ्रॉम नोंद जॉइन खाते ऑन नोंद.खाते_क्र = खाते.क्र व्हेअर लॉट = अमुक ऑर्डर बाय गाव. सिलेक्ट, फ्रॉम हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करावे लागतात, पण तक्त्यांची आणि रकान्यांची नावं मराठीत ठेवली तरी चालतात. मला हे फार आवडलं. अण्णांना स्क्रीनवर 'बाकी', 'गाव', 'लॉट' असं वाचता येतं.

याआधी आमच्याकडे विकतचं बिलिंगचं पॅकेज होतं. नाव घेत नाही. बिल छापायला ते ठीक होतं, अजूनही बिलं त्यावरच छापतो. अडचण अशी की ते एप्रिल ते मार्चचंच बोलायचं. आपल्याकडे उधारीचं वर्ष आखाजीला फिरतं. सालदाराचं साल आखाजीला, शेतकऱ्याचा हिशोब आखाजीला. आणि आखाजी दरवर्षी वेगळ्या तारखेला : 2024 ला 10 मे, 2025 ला 30 एप्रिल. "या आखाजीपासून त्या आखाजीपर्यंत ज्याने एक रुपयाही भरला नाही अशांची यादी द्या" म्हटलं तर त्यांनी वेगळा रिपोर्ट बनवायचे वेगळे पैसे सांगितले. इथे तोच प्रश्न म्हणजे बिटवीन आणि दोन तारखा. जो प्रश्न माझ्या डोक्यात आहे तोच, माझ्या शब्दांत विचारता येतो, आणि दुपारी दुसरा सुचला तर दुपारी दुसरा. याच एका गोष्टीसाठी मी हे सोडणार नाही.

आता अपडेटचं, म्हणजे नोंदी बदलायच्या हुकमाचं, सांगतो, कारण खरा धोका तिथेच आहे. मे 2025. बीजी-2 कापसाच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल भाव सरकारने 864 वरून 901 केला होता. मी लिहिलं : अपडेट माल सेट भाव = 901. आणि चालवलं. खाली संदेश आला, 412 ओळी बदलल्या. आमच्याकडे कापसाच्या बियाण्याचे प्रकार 11. म्हणजे व्हेअर, कोणत्या ओळी बदलायच्या ती अट, लिहायचा राहिला होता. 266 रुपये 50 पैशांची युरियाची गोणी 901, 1350 ची डीएपी 901, फवारणीचे हातमोजेही 901. हातपाय गार पडले.

पण डीबी ब्राउझरमध्ये बदल लगेच फाइलमध्ये पक्का होत नाही. 'राइट चेंजेस' दाबेपर्यंत तो अधांतरी असतो, आणि शेजारी 'रिव्हर्ट चेंजेस' असतं. ते दाबलं, सगळे भाव होते तसे परत आले. जळगावला शिकणाऱ्या माझ्या पुतणीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : "काका, आधी सिलेक्ट, मग अपडेट." म्हणजे जी अट लावून बदल करायचा, तीच अट लावून आधी नुसत्या ओळी बघायच्या, मोजायच्या, 11 च्या 11 आहेत ना ते पाहायचं, मगच बदलायचं. त्या दिवसापासून मी हे एकदाही चुकवलेलं नाही. संदेशातला ओळींचा आकडा वाचल्याशिवाय 'राइट चेंजेस'कडे हात जात नाही.

विक्रीची नोंद करतानाही हेच उपयोगी पडतं. उधारीवर 4 गोण्या गेल्या तर मालातून 4 कमी व्हायला हव्यात आणि खात्यावर रक्कम चढायला हवी. एक झालं आणि दुसरं राहिलं तर हिशोब बिघडला. दोन्ही ओळी लिहून मग एकदाच पक्कं करायचं. एकदा नेमकी मध्येच लाइट गेली, यूपीएसही बसला. संगणक परत सुरू केला तेव्हा फाइल सुखरूप होती आणि अर्धवट नोंद आपोआप मागे घेतली गेली होती.

दोष सांगतो. पहिला आकड्यांचा. आम्ही जुनी उधारी एक्सेलमधून आणली. काही नोंदी अण्णांच्या सवयीप्रमाणे मराठी आकड्यांत होत्या, काही स्वल्पविराम टाकून, 1,350 अशा. रकाना आकड्यांचा ठरवला होता, तरी डेटाबेसने कुरकुर न करता त्या मजकूर म्हणून आत घेतल्या. बेरीज केली की मराठी आकडा शून्य धरला जातो आणि 1,350 चा फक्त 1. एकूण उधारी वहीपेक्षा बरीच कमी दिसायला लागली तेव्हा शोध घेतला. टाइपऑफ नावाचं फंक्शन आहे. टाइपऑफ रक्कम बरोबर टेक्स्ट अशी अट लावली की अशा सगळ्या ओळी समोर येतात. जुनी वही आत घेणाऱ्याने पहिल्या दिवशी ही क्वेरी चालवावी, अगदी बेरीज करण्याच्याही आधी. क्वेरीतही आकडे इंग्रजीच लिहायचे. मराठी आकडा लिहिला तर तो रकान्याचं नाव समजतो आणि असा रकानाच नाही म्हणतो.

तारखेचंही तसंच. तारखेसाठी वेगळा प्रकार यात नाही. 15-05-2025 असं लिहिलं तर क्रम चुकतो, 2025-05-15 असंच लिहावं लागतं. एकदा ही शिस्त लागली की औषधांच्या मुदतीचं काम फार सोपं होतं. पुढच्या 60 दिवसांत कोणत्या बाटल्यांची मुदत संपते हे मी दर सोमवारी काढतो आणि त्या रॅकच्या पुढच्या ओळीत आणतो किंवा कंपनीला परत पाठवतो.

नावांचा त्रास मात्र डेटाबेसच्या हाताबाहेरचा आहे. पाटील आणि पाटिल त्याला दोन वेगळी आडनावं. आणि आपल्या गावांत एकाच नावाचे, कधी बापाचंही नाव सारखं असलेले तीन-तीन खातेदार. 2025 च्या आखाजीला मी थकबाकीदारांची यादी काढून अण्णांपुढे ठेवली, 37 नावं. अण्णांनी चष्मा लावला, बोट फिरवत खाली आले आणि शिरूडच्या एका नावावर थांबले. "याने दिवाळीत पैसे दिलेत. मी स्वतः घेतले." जमा तक्त्यात पाहिलं तर पैसे होते, पण त्याच नावाच्या कळमसऱ्याच्या खात्यावर. मीच चढवले होते. पावती क्रमांकाची अट लावून एक ओळ दुरुस्त केली. अण्णा नसते तर एका चोख माणसाच्या दारात मी वसुलीला उभा राहिलो असतो. त्यानंतर आम्ही प्रत्येकाला खाते क्रमांकाचं छोटं कार्ड दिलं. आता काउंटरवर नाव नंतर, कार्ड आधी.

कोणी घेऊ नये, तेही सांगतो. ज्यांच्याकडे दोन-तीन काउंटर आहेत आणि सगळे एकाच वेळी नोंदी करतात, त्यांच्यासाठी हे नाही. एका वेळी एकच जण लिहू शकतो, दुसऱ्याला फाइल लॉक असल्याचा संदेश येतो, आणि ती फाइल नेटवर्कवर ठेवून दोन संगणकांनी वापरणं धोक्याचं. तिथे सर्व्हरवाला डेटाबेसच घ्या. हे बिल छापत नाही. अनुदानाच्या खतासाठी पॉस मशीनवर अंगठा घ्यावाच लागतो, त्याचीही जागा हे घेत नाही. बॅकअप सोपा आहे : संध्याकाळी प्रोग्राम बंद करायचा आणि फाइलची प्रत पेनड्राइव्हवर. प्रोग्राम चालू असताना मात्र प्रत काढू नका.

शिकायला मला साधारण तीन आठवडे लागले, रोज रात्री तासभर. मी बी.कॉम. आहे, संगणकाचं शिक्षण नाही. सिलेक्ट, व्हेअर, जॉइन, सम आणि ग्रुप बाय एवढ्यावर दुकानाचं नव्वद टक्के काम होतं. 1945 साली याच अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि पुढे तीच विप्रो झाली. त्या गावातल्या दुकानदाराने हिशोबासाठी चार ओळी लिहायला घाबरू नये, असं मला मनापासून वाटतं.

एक काउंटर, हजार-दीड हजार खाती आणि उधारीचा धंदा असेल तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मजकुराला आकड्यांच्या रकान्यात मुकाट्याने शिरू देतो म्हणून. जिल्ह्यातल्या कोणाला रिकामे तक्ते आणि माझ्या नेहमीच्या क्वेऱ्या हव्या असतील तर पेनड्राइव्ह घेऊन दुकानात या. दुपारी 2 ते 4 गर्दी कमी असते, बसून दाखवता येईल.