डोकं कुठं मोकळं करायचं: सिव्हिल, काउन्सेलरची खोली, व्हिडिओ की १४४१६?

परवा साडूचा फोन आला. तीन महिने झोप नाही, वजन उतरलंय, घरात रोज कटकट. "तू जातोस ना कुणाकडं तरी? मी कुठं जाऊ?" त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय.

सोलापुरात राहणाऱ्या माणसापुढं साधारण चार वाटा आहेत. सिव्हिलची मानसोपचार ओपीडी, गावातल्या काउन्सेलरची खोली, पुण्या-मुंबईच्या काउन्सेलरशी मोबाइलवर व्हिडिओ आणि १४४१६ हा मानसिक त्रासासाठीचा सरकारी फोन. गेल्या दीड वर्षात यातल्या तीन मी वापरल्या, चौथी बायकोनं. फी बघा, डिग्री बघा, पण त्याच्याही आधी एक बघा: पाऊण तास कुणी न ऐकता बोलायला तुम्हाला जागा कुठं आहे? माझं सगळं त्यावरच ठरलं.

व्हिडिओपासून सुरू करतो, कारण सगळे तोच सोपा समजतात. आमचं घर दोन खोल्यांचं, पूर्व भागात. एका खोलीत आईचा टीव्ही, दुसरीत पोरांचा अभ्यास, भिंतीपलीकडं पॉवरलूमची खटखट. पहिलं सेशन मी गच्चीवर घेतलं. मे महिना, संध्याकाळचे सात, तरी गच्ची पायाला भाजत होती. शेजारच्या काकू वाळलेल्या कुरडया गोळा करायला आल्या आणि थेट विचारलं, "काय करायलास रे, एवढा वेळ फोनवर?" मी म्हटलं, ऑफिसचं काम. फोनपलीकडच्या काउन्सेलर मॅडम हुशार. काकू जाईपर्यंत त्यांनी फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल असेच प्रश्न विचारले. तिसऱ्या सेशनपासून मी सिद्धेश्वर तलावाच्या कडेला स्कूटर लावायला लागलो. मोबाइल आरशाला टेकवलेला, कानात हेडफोन. तिथं कुणी ढुंकून बघत नाही.

मला व्हिडिओचा फायदा झाला, हे कबूल. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. मालकानं केबिनमध्ये बोलावलं की पोटात गोळा यायचा. मॅडमनी विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत वापरली. ही अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली. तीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात घडलं काय: 'मालकांनी हाक मारली'. दुसऱ्यात मी मनात काय म्हणालो: 'चूक सापडली, आता गेली नोकरी'. तिसऱ्यात झालं काय: छातीत धडधड. हिशेबनीसाला रकाने कुठले अवघड! पण दुसरा रकाना लिहायला मला दोन आठवडे लागले. आपण मनात काय बोलतो ते आपल्यालाच ऐकू येत नसतं. खरं काम दोन सेशनच्या मधल्या दिवसांत होतं. गृहपाठ करायचा नसेल तर पैसे घालवू नका, मग माध्यम कुठलंही असो.

नवरा-बायकोच्या भांडणासाठी मात्र समोरासमोरची खोलीच बरी, असं माझं ठाम मत आहे. पहिला अनुभव वाईट आला. ते गृहस्थ चाळीस मिनिटं स्वतःच्या संसाराच्या गोष्टी सांगत होते आणि शेवटी बायकोला म्हणाले, "ताई, जरा ॲडजस्ट करा." एवढा सल्ला आमच्या मावशी चहासोबत फुकट देतात. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी सल्ला दिलाच नाही. एक बोलला की दुसऱ्यानं आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, मगच उत्तर द्यायचं, एवढाच नियम. बायको म्हणाली, "पाहुणे येणार आहेत, हे मला दार उघडल्यावर कळतं." मी परत सांगितलं, "तुला माझे पाहुणे नको असतात." बाईंनी तिला विचारलं, "असं म्हणालात का तुम्ही?" ती नुसती मान हलवत राहिली. तिसऱ्या प्रयत्नात मला नीट सांगता आलं. अकरा वर्षांच्या संसारात तिचं एक वाक्य नीट ऐकायला तीन प्रयत्न! हे व्हिडिओवर झालं नसतं. आवाज तुटला म्हणून सुटलो असतो.

जोडप्यांवर वर्षानुवर्षं संशोधन केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कधीच पूर्ण सुटत नाहीत. स्वभावातून येतात आणि राहतात. ते धोका मानतात तो टोचून दोष काढणं, तुच्छतेनं बोलणं, सतत स्वतःचा बचाव करणं आणि तोंड मिटून बसणं या चार सवयींचा. त्यातली तुच्छता सगळ्यांत वाईट. माझी सवय चौथी. मी शांत राहतो म्हणजे समजूतदार आहे, असं मला वाटायचं.

एक गोष्ट वेगळी ठेवा. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर दोघांनी एकत्र काउन्सेलिंगला जाऊ नये. खोलीत बोललेल्याचा हिशेब घरी चुकता होतो. तिथं १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा ११२.

आता सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तिथले मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएस करून पुढं या विषयात शिकलेले डॉक्टर असतात, औषध लिहू शकतात. झोप, भूक, वजन बिघडलं असेल, कामावर जाणं जमत नसेल, तर आधी डॉक्टरच. थायरॉइड किंवा हिमोग्लोबिनची गडबडही उदासीसारखीच दिसते, ती तपासणीतच कळते. पण गर्दी असते, डॉक्टरांना मोजकी मिनिटं मिळतात. मन मोकळं करायची अपेक्षा घेऊन गेलात तर हिरमोड होईल. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. मी नेमकं तेच केलं होतं, आठवडाभर चक्कर आणि चिडचिड. ओळखीचं कुणी दिसेल ही भीती मलाही होती. दिसलंच. त्याच्या हातात दातांचा केसपेपर होता, त्यानं माझा बघितलासुद्धा नाही.

१४४१६ म्हणजे टेलिमानस, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास आणि मोफत. वीस भाषांत बोलता येतं. तेलुगू, कन्नड, मराठी एकाच गल्लीत नांदणाऱ्या आपल्या गावात ही मोठी सोय आहे. आमच्या कारखान्यातले एक जण आमच्याशी मराठीत बोलतात, पण रडू आलं की तेलुगूत. बायकोनं पहाटे दोनला, पोरं झोपल्यावर, मोरीचं दार लावून याच नंबरवर फोन केला होता. मला चार महिन्यांनी सांगितलं. दर वेळी तोच माणूस भेटेल असं नाही, त्यामुळं लांबचं काम इथं होत नाही. पहिलं पाऊल मात्र होतं. तुम्हाला किंवा घरात कुणाला जीव द्यायचे विचार येत असतील तर तुलना करत बसू नका. लगेच इथं फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात कॅज्युअल्टी गाठा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

खासगीत जाणार असाल तर पहिल्याच फोनवर शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. 'काउन्सेलर' ही पाटी मात्र थोडक्या दिवसांचा कोर्स करूनही लागलेली दिसते. फी आणि सेशनची वेळ, बहुधा ४५ ते ५० मिनिटं, तेव्हाच ठरवून घ्या. गुप्ततेचं काय, हेही विचारायला लाजू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नं रुग्णाला तो हक्क दिलाय. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते चांगला माणूस आधीच सांगतो.

साडूचं घर जुळे सोलापुरात, तीन खोल्या, एकीला आतून कडी. व्हिडिओला जागा झकास आहे. तरी मी त्याला आधी सिव्हिलच सांगितलं. तीन महिने झोप नाही म्हटल्यावर रकाने आखून काय होणार? घरातल्या कटकटीचं नंतर बघू, झोपलेला माणूस निम्मा कमी भांडतो. सोमवारी सकाळी आठला त्याच्या दारात जातोय. घरी त्यानं सांगितलंय की बँकेत काम आहे.