शहापुरातल्या दुकानात शिवलेल्या सॉनिक्सच्या हिरव्या जर्सी

शहापूरच्या खडेबाजारातल्या या जर्सीच्या दुकानात मी आमच्या मुलींसाठी १२ जर्सी आणि शॉर्ट्स करून घेतल्या. तीन महिने वापरून झाल्यावर लिहिते आहे. मी बेळगावात पीटी शिकवते आणि संध्याकाळी मुलींची बास्केटबॉलची बॅच घेते.

मला सिएटल सुपरसॉनिक्सची, म्हणजे सॉनिक्सची जर्सी हवी होती. ही अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधली जुनी टीम. हिरवी, त्यावर पिवळं. आधी दोन दुकानांत विचारलं. तिथं लेकर्स आणि शिकागो बुल्स या एनबीएच्याच टीमचे डिझाईन तयार होते, तेच घ्या म्हणाले. इथल्या मालकांनी निदान मोबाईलवरचा फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "ही टीम आता खेळतेय का हो मॅडम?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "टीमच नाही तर जर्सी कुणाची म्हणायची?"

त्यांच्या काउंटरवरच मी सगळं सांगितलं. १९६७ ला टीम निघाली. विमानं बनवणारी बोइंग कंपनी तेव्हा सिएटलची होती. ती आवाजापेक्षा वेगानं जाणारं प्रवासी विमान बनवणार होती, त्यावरून टीमचं नाव सुपरसॉनिक्स. १९७१ ला सरकारनं पैसे थांबवले आणि ते विमान आकाशात गेलंच नाही. टीम मात्र ४१ सीझन खेळली. १९७८ च्या फायनलला वॉशिंग्टनकडून सातव्या मॅचमध्ये हरली आणि पुढच्याच वर्षी त्याच वॉशिंग्टनला ४-१ नं हरवून चॅम्पियन झाली. कोच लेनी विल्किन्स. सॉनिक्सची ती एकच ट्रॉफी.

माझी सॉनिक्सशी ओळख त्यानंतरची. मामांनी अमेरिकेहून १९९६ च्या फायनलची व्हीएचएस कॅसेट आणली होती. तिकडची कॅसेट आमच्या व्हीसीआरवर काळी-पांढरीच दिसायची. चौथी मॅच, सिएटलच्या घरची. शिकागो ३-० नं पुढे होती, त्या सीझनला ७२ मॅच जिंकून आलेली. पहिल्या मॅचेसमध्ये सिएटलच्या गॅरी पेटनला शिकागोच्या मायकल जॉर्डनला अडवायला फारसं लावलंच नव्हतं, पोटरी दुखावली होती म्हणून. चौथ्या मॅचला लावलं आणि सिएटल १०७-८६ नं जिंकली. पेटनचे पाय मी त्या कॅसेटवर किती वेळा बघितले असतील! गुडघे वाकलेले, छाती समोरच्याला जवळजवळ टेकलेली आणि हात सतत बॉलच्या वाटेत. मी आज मुलींना डिफेन्सचं जे स्टान्स शिकवते ते तिथलंच. सिएटलनं पाचवी मॅचही घेतली, सहावी मात्र शिकागोत हरली. पण त्या टीमचा रंग कुठला, हे मला पुढं कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

मग शेवट सांगितला. २००६ ला टीमच्या मालकांनी ती ओक्लाहोमाच्या लोकांना ३५ कोटी डॉलरला विकली. नव्या मालकांना नवीन स्टेडियम पाहिजे होतं, ते जमलं नाही. जुन्या स्टेडियमचा करार २०१० पर्यंतचा, म्हणून शहर कोर्टात गेलं. २००८ च्या जुलैत तडजोड झाली. शहराला ४.५ कोटी डॉलर मिळाले आणि टीम ओक्लाहोमा सिटीला गेली. जाताना सॉनिक्स हे नाव आणि हिरवा-पिवळा रंग तेवढा सिएटलला ठेवून गेली.

दुकानाचे मालक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग कलर चुकून चालायचा नाही की."

या माणसाबद्दल मला जे सांगायचंय ते यातच आलं. त्यांनी हिरव्या कापडाचे सहा तुकडे काढले आणि ट्यूबलाईटखाली नको म्हणून दुकानाबाहेर पायरीवर, उन्हात मांडले. आत जो बरोबर वाटत होता तो बाहेर निळसर निघाला. चौथा घेतला. पिवळ्याला पहिल्या सॅम्पलमध्ये लिंबाची झाक आली होती. मी सांगायच्या आधीच त्यांनी तो बाजूला ठेवला आणि हळदीच्या जवळ जाणारा दुसरा काढला.

मागं शिवायला बसणारे काका तर फारच जाणते. "अक्का, एका पोरीला बॉल टाकल्यासारखं करायला सांगा," म्हणाले. तिनं हात वर केले तशी सॅम्पलची जर्सी शॉर्ट्समधून बाहेर आली. त्यांनी खडूनं मुंढ्याला खूण केली, उंची दोन इंच वाढवली आणि काखेतलं कापड आत घेतलं. मुलींना पुरुषांच्या मापाची जर्सी लहान करून देतात, त्यात काख उघडी पडते आणि मुली खेळताना हात वर करायला लाजतात. या जर्सीत तसं झालेलं नाही.

तक्रारही आहे. आठ दिवस सांगून १९ दिवस लावले. त्यात आमची एक मॅच जुन्या टी-शर्टवर गेली, मुली फार हिरमुसल्या. आणि ४० नंबरच्या जर्सीचा शून्य तिसऱ्या धुण्यात कोपऱ्यातून सुटला. घेऊन गेले तर पैसे न घेता नवीन नंबर दाबून दिला. मग स्वतःहून बाकीच्या ११ पण मागवून परत प्रेस केल्या. त्यानंतर एकही सुटला नाही. कापड घाम धरत नाही, रंग अजून तसाच आहे.

आमच्या वेळी ४ ते १५ एवढेच नंबर असायचे, आता मुलींना हवा तो घेता येतो. पेटनच्या २० वरून भांडण झालं, शेवटी जी सगळ्यात जास्त वाकून डिफेन्स करते तिला दिला. एकीनं एनबीएतल्या केव्हिन ड्युरांटचा म्हणून ३५ मागितला. त्याचा पहिला सीझन सिएटलमध्येच, याच रंगात झाला होता आणि तोच तिथला शेवटचा सीझन, हे तिला दुकानातच कळलं.

जाणार असाल तर दिवसाउजेडी जा, आणि मॅचच्या महिनाभर आधी ऑर्डर द्या.