कापडी डायपर: दीड वर्ष धुऊन झाल्यावर लिहितोय

आधीच सांगतो, मी बाप आहे. लेक आता दीड वर्षाची झाली, आणि आमच्याकडे वाटणी अशी ठरली होती की दूध पाजणं बायकोकडे आणि धुणं माझ्याकडे, कारण दुसरं काही मला जमण्यासारखं नव्हतंच. त्यामुळे हा रिव्ह्यू बादलीच्या बाजूने आहे. इन्स्टावर ते डायपर उन्हात दोरीवर रांगेत वाळत घातलेले दिसतात ना, हत्ती, आंबे, वारली चित्रं वगैरे छापलेले, ते बघून मीपण भाळलो होतो. त्या फोटोत बादली कधी नसते.

बाळंतपण चिपळूणला, बायकोच्या माहेरी, जूनच्या शेवटी. म्हणजे पाऊस कसला ते कोकणातल्यांना सांगायला नको. मी हौसेने ऑनलाइन दोन 'फ्री साइज' डायपर आधीच मागवून ठेवले होते, पाकिटावर लिहिलेलं ३ किलोपासून चालतं. बाळ २ किलो ८०० ग्रॅमचं. घालून बघितलं तर पोतडीत पेरू ठेवल्यासारखं दिसत होतं, मांडीपाशी एवढी फट की माझी अख्खी बोटं आत जायची. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आतून एक गाठोडं आणलं, त्यात जुन्या धोतराचे आणि सुती साड्यांचे लंगोट, धुऊन धुऊन लोण्यासारखे झालेले, काही तर माझ्या बायकोच्या वेळचे. त्रिकोणी घडी, कमरेला बंद, बस. पहिल्या दोन-अडीच महिन्यांसाठी याच्यापुढे बाजारातलं काहीही नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगतो. एक शू झाली की लगेच कळतं, लगेच बदलायचा, धुवायला पातळ, वाळायला पटकन. दिवसाला २५-३० लंगोट निघायचे पण, आणि दुपटी वेगळी, हे लक्षात ठेवा.

पटकन वाळतात म्हटलं खरं, पण जुलैत चिपळूणला काहीच वाळत नाही. मागच्या पडवीत चार दोऱ्या, पंखा सोडलेला, तरी लंगोट हाताला गारच लागायचा. मग शेवटी शेगडीवर डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली, उपडं घालून त्यावर एकेक लंगोट पसरायचा. त्याच शेगडीवर ओव्याची धुरी, त्यामुळे सगळ्या लंगोटांना ओव्याचा वास. शनिवार-रविवार मी पुण्याहून जायचो आणि माझी ड्युटी डालग्यापाशी, एक लंगोट करपवलापण. ज्यांचं बाळ पावसाळ्यात येणार आहे त्यांनी कापडी डायपरचा विचार करताना रंग आणि डिझाइन नंतर बघा, आधी घरात वाळवणार कुठे ते बघा.

मधला एक प्रकार असतो, गादीवाले लंगोट, बाहेरून सुती, आत थोडा जाड थर, बाजूला बंद किंवा टिचबटणं. ते चार घेतले होते. एक शू झेलतात, दुसरीला दगा. ठीक आहेत, उकाड्यात घरात घालायला बरे, जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरा कारभार सुरू झाला ऑक्टोबरपासून, मायलेकी पुण्याला वाघोलीत आल्यावर. आता हे जे मॉडर्न कापडी डायपर असतात त्याचे दोन भाग, बाहेर कव्हर, त्याला आतून पीयूएलचा थर म्हणजे कापडावर पातळ पॉलियुरेथेन चिकटवलेलं, पाणी बाहेर येऊ देत नाही, जुन्या मेणकापडाचा शिकलेला नातू समजा. आणि आत शोषून घेणारं पॅड, त्याला सोकर किंवा इन्सर्ट म्हणतात. पॉकेटवाल्यात ते खिशात सरकवायचं, दुसऱ्या प्रकारात वरून टिचबटणाने लावायचं. सोकरमध्ये मायक्रोफायबर, म्हणजे बारीक सिंथेटिक धाग्यांचं, भराभर शोषतं पण बाळ बसलं, दाब पडला की स्पंजसारखं सोडतं, शिवाय ते थेट त्वचेला लागू द्यायचं नाही, कातडी कोरडी पाडतं. सुती आणि बांबूचं चांगलं. हेम्पचं, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं, सावकाश शोषतं पण सगळ्यात जास्त धरून ठेवतं. हे ज्ञान मला चादरी धुऊन धुऊन मिळालंय.

खर्च सांगतो कारण सगळे तेच विचारतात. ८ नवीन घेतले साधारण ५५० ला एक, म्हणजे ४,४००. ६ सोसायटीच्या ग्रुपवरून सेकंडहँड २०० ला एक, १,२००. वर १० जादा सोकर, १,२००. एकूण ६,८००. वापरून फेकायचे डायपर आम्हाला साधारण १२ रुपयाला एक पडत होते आणि दिवसाला सहा लागले असते, त्यातले पाच वाचले म्हणजे दिवसाला ६०, महिन्याला १,८००. चार महिन्यांच्या आत पैसे वसूल. साबण आणि वीज धरा हवं तर, माझा वेळ धरू नका, तो धरला तर हिशोब कोसळतो. सेकंडहँड म्हटल्यावर माझ्या आईने नाक मुरडलं होतं, मी म्हटलं चिपळूणचे लंगोट तीस वर्षं जुने होते तेव्हा काही बोलली नाहीस.

घालायची पद्धत शिकायला आठवडा गेला. इलॅस्टिक मांडीवर नाही, जांघेत बसलं पाहिजे, जिथे चड्डीची शिवण येते तिथे. आम्ही आधी लूज ठेवायचो, बाळाला काचेल म्हणून, आणि मग गळतंय गळतंय म्हणून ओरडायचो. आणि टिचबटणंच घ्या, वेल्क्रो नको, त्याला मशीनमध्ये सगळ्या घराचे केस आणि धागे चिकटतात आणि आठव्या महिन्यात लेकीने तो स्वतः टर्र करून उघडायला सुरुवात केली, तिला त्या आवाजाची मजा यायची.

आता उष्टावणाची गोष्ट. जानेवारीत, घरी पंचवीस माणसं, चांदीची वाटी, खीर, मामाच्या मांडीवर बाळ. मामाने म्हणजे माझ्या मेव्हण्याने क्रीम कलरची नवी कोरी पँट घातलेली. मी आदल्या दिवशी मोठ्या प्रेमाने सगळे डायपर फॅब्रिक कंडिशनर टाकून धुतले होते, एवढी माणसं येणार, छान मऊ आणि वासाचे असावेत म्हणून. खिरीचा दुसरा चमचा तोंडात गेला आणि मामा एकदम गप्प झाला. पँटवर गुडघ्यापर्यंत नकाशा. डायपर काढून बघितला तर सोकर जवळजवळ कोरडा! संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी त्या सोकरवर चमचाभर पाणी टाकलं तर अळवावरचं पाणी, थेंब तसाच्या तसा गडगडत खाली. कंडिशनरचा थर कापडाच्या धाग्यांवर बसतो आणि मग ते पाणी आत घेतच नाही. रॅशची ती पांढरी झिंकवाली क्रीम असते, तिचंही तसंच, थापली की सोकरला लागते आणि सोकर बाद. तिच्यासाठी मध्ये एक सुती फडकं टाकायचं. उलट टोक म्हणजे नवे कोरे सोकर, तेही पहिल्या दिवशी नीट शोषत नाहीत, सुती-बांबूचे तर चार-पाच धुण्यांनंतर फुलतात. 'पहिल्याच दिवशी लीक झालं, वन स्टार' असे रिव्ह्यू दिसतात ना, त्यातले निम्मे मला वाटतं हेच असणार.

आणि पाणी. याच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी जास्त बोलतो. आमच्याकडे बोअर आणि टँकर, पाणी इतकं जड की बादलीवर पांढरी पुटं चढतात. फेब्रुवारीपर्यंत सोकर पापडासारखे कडक झाले आणि नवीनच त्रास, धुतलेला कोरडा डायपर वासाला ठीक, पण लेकीने एकदा शू केली की दहा मिनिटात असा अमोनियाचा भपकारा की डोळ्यातून पाणी. जड पाण्यात साबण आपलं काम करतच नाही, क्षार आणि साबणाचा साका धाग्यात बसतो आणि जुन्या शूचा अंश आतच राहतो. मी घाबरून साबण कमी केला, कारण ऑनलाइन कुठेतरी वाचलं होतं की कापडी डायपरला अगदी कमी साबण टाका. अजून वाईट. हा सल्ला गोड्या पाण्यावाल्यांचा. शेवटी फक्त सोकर, कव्हरं नाहीत, कडक गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकून भिजवले, मग साबणाचं एक पूर्ण धुणं, मग फेस यायचा थांबेपर्यंत नुसत्या पाण्याने, चार वेळा लागलं. पाण्याचा रंग बघून बायको म्हणाली हे आपण बाळाला लावत होतो? ते झाल्यावर सोकर पुन्हा मऊ. आता महिन्यातून एकदा करतो. एका मित्राने सुचवलं होतं की पिण्याच्या पाण्याच्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी वापर, पाणी वाचेल. अहो, त्यात तर सगळे क्षार गोळा होऊन आलेले असतात, नको.

कव्हरं नाहीत असं म्हटलं त्याचं कारण सासूबाई. मार्चमध्ये आल्या होत्या, मी ऑफिसच्या कॉलवर, त्यांनी मदत म्हणून लंगोटांसारखी तीन कव्हरं पातेल्यात उकळली. आतला थर कापडापासून सुटला, पुरीसारखे फुगे आले. त्यांना इतकं वाईट वाटलं की मी सांगितलं, तशीही जुनीच होती. होती नवीन. लेबलवर ४० डिग्रीच्या वर नको असं लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत, आणि मुंगीएवढ्या अक्षरात.

शीचं काय, हा पुढचा प्रश्न. फक्त अंगावरचं दूध पीत होती तोवर काहीच नाही, पिवळे डाग धुऊन ओलेच उन्हात घातले की संध्याकाळपर्यंत उडून जातात, कोणतंही ब्लीच लागत नाही. नाचणीचं सत्त्व सुरू झालं आणि मग खेळ बदलला. कमोडवर धरून जेटने उडवायचं, मग नळाखाली, मग झाकणाच्या बादलीत, पण पाण्यात बुडवून नाही, कोरडंच, नाहीतर दुसऱ्या दिवशी झाकण उघडताना श्वास रोखावा लागतो. कामाच्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दादा, हे मी नाही करणार. बरोबरच आहे त्यांचं. तुमच्या घरात हे कोण करणार ते ठरल्याशिवाय एकही डायपर मागवू नका, आणि ते उत्तर 'बाळंतीण' असेल तर अजिबातच मागवू नका.

रात्रीसाठी मी हरलो. वर बांबू, खाली हेम्प, असे दोन-दोन सोकर भरले, ढुंगण एवढं मोठं व्हायचं की बाळ उताणं झोपलं तर कंबर वर, डोकं खाली. तरी पहाटे चारला ओली चादर. सातव्या महिन्यापासून रात्री फेकायचा डायपर, आणि त्याबद्दल मला काडीचाही अपराधी भाव नाही. पाळणाघरातही कापडी चालणार नाही म्हणाले, तिथेही फेकायचाच. आणि मे महिन्यात टँकर एक दिवसाआड यायला लागला तेव्हा दोन आठवडे सगळंच बंद ठेवलं, प्यायला पाणी नाही आणि मी मशीनच्या दोन सायकल लावतोय, हे बरं दिसेना.

पर्यावरणाचं म्हणाल तर, पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई सांगतात ना, पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा म्हणून, म्हणजे त्यांना उघडायला लागत नाही, हाताला लागत नाही. आमच्या मजल्यावरच्या डब्यात ते ठिपक्यांचे पुडके बघूनच मला कापडीचं पटलं होतं, आपल्या पोरीची शी दुसऱ्या कोणी का हाताळायची. पण कापडी म्हणजे आपोआप पुण्य असंही नाही. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ मध्ये हिशोब मांडला होता, त्यात सरासरी वापरात दोन्हींचा कार्बनचा भार जवळजवळ सारखाच निघाला. मशीन भरून लावलं, बाहेर दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरले, तर मात्र कापडीचा भार ४० टक्के कमी. दोरीवर वाळवणं आपण तसंही करतो, आणि दुसऱ्या बाळासाठी सांभाळून ठेवणं म्हणजे चिपळूणचं गाठोडंच की.

रॅश? झाले, दोनदा, दोन्ही वेळा आम्ही बाहेर होतो आणि चार तासांच्या वर बदलला नव्हता. कापडी आहे म्हणून रॅश येत नाही हे खोटं, वेळेवर बदलला तर सहसा येत नाही. पाय फेंगडे होतील ही भीती आईला होती, डॉक्टर हसले, म्हणाले लहान बाळांचे पाय तसेही बाकदारच असतात, आणि पाय थोडे फाकलेले राहिले तर खुब्याला चांगलंच. चड्ड्या मात्र एक साइज मोठ्या घ्याव्या लागतात.

आता लेक स्वतः डायपर ओढून 'शू' म्हणते, कधी आधी, बहुतेक वेळा नंतर. श्रेय कापडाला द्यायचं की सासूबाई तिला पायांवर धरून सू-सू करायच्या त्याला, यावर घरात दोन पक्ष आहेत. १४ पैकी ३ उकळण्यात गेले, २ चं इलॅस्टिक गेलं, उरलेली ९ कव्हरं धुऊन, तीन दिवस कडक उन्हात वाळवून पिशवीत भरलीत. मेव्हण्याकडे एप्रिलमध्ये बाळ येतंय. त्याने घेताना फक्त एवढंच विचारलं, कंडिशनर टाकलं नाहीस ना.