एक्स्पर्टाइज आवरायचंय? तीन हाऊस रूल्स समोरासमोर

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या रोलप्लेइंग गेमच्या फिफ्थ एडिशनमध्ये प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे येणाऱ्या कौशल्यासाठी वीस बाजूंच्या फाशात (डी२०) मिळवायचा आकडा, लेव्हल १ ला +२ आणि १७ पासून +६, इथवर कुणाची काही तक्रार नसते. गडबड होते ती एक्स्पर्टाइज, म्हणजे निवडक कौशल्यातली खास हुकूमत, तो डबल करतं तेव्हा. आमचा बार्ड (गाण्या-बोलण्यात पटाईत पात्र) लेव्हल १७ ला पोचला, करिस्मा २० म्हणजे +५, वर +१२, झालं पर्सुएशन (मन वळवण्याचं कौशल्य) +१७. त्याला जरा तरी घाम फुटावा म्हणून मी, म्हणजे गेम चालवणारा डीएम, डीसी (फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) २८ वगैरे ठेवायला लागलो आणि एक दिवस फायटरवाली म्हणाली, "माझं +० आहे, २० पडला तरी होत नाही, मग मी तोंड उघडूच कशाला?" पुढचे दोन सेशन ती खरंच एकाही एनपीसीशी (डीएम चालवतो त्या पात्राशी) बोलली नाही. तेव्हा हे सगळं कागदावर मांडून बघितलं.

सगळ्यात आधी सुचतं ते म्हणजे डबल बोनस काढायचा आणि त्याऐवजी ॲडव्हान्टेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा धरायचा) द्यायचा. ऐकायला छान वाटतं, आम्हीही हेच केलं आणि फसलो. लेव्हल ५, करिस्मा १८ चा बार्ड धरा: मूळ नियमाने +१०, डीसी १५ ला ८०% चान्स. ॲडव्हान्टेजवाला +७ ने दोन फासे टाकतो आणि त्याचा चान्स जवळपास ८८%! डीसी २० लाही ५५ च्या जागी ६४. म्हणजे कमी करायला गेलो आणि वाढवून बसलो. लेव्हल १७ ला मात्र गणित उलटं होतं, डीसी २५ ला ६५ चे ५८ होतात आणि डीसी ३० ला ४० चे थेट १९. त्यात हेल्प ॲक्शनने मिळणारा ॲडव्हान्टेज यावर चढत नाही, त्यामुळे मदत करणारा बिचारा रिकामा बसतो. पॅसिव्ह पर्सेप्शनमध्ये (फासा न टाकता धरलेल्या नजरेत) एक्स्पर्टाइज घेतलेली असेल तर अजून गंमत, ॲडव्हान्टेजचे तिथे सरळ +५ मिळतात.

दुसरा पर्याय प्रोफिशियन्सीचे फासे, २०१४ च्या डीएम गाइडमध्येच दिलाय. +२ ऐवजी डी४ (चार बाजूंचा फासा), असं चढत चढत +६ ऐवजी डी१२, आणि एक्स्पर्टाइज असेल तर दोन फासे. खरं सांगायचं तर याने बॅलन्स होत नाही, दोन डी१२ ची सरासरी १३ येते म्हणजे मूळ +१२ पेक्षा एक जास्तच. फक्त खात्री जाते, कधी २ कधी २४. हां, रोग (Rogue, चोरटं पात्र) याच्या रिलायबल टॅलेंटला (डी२० वर १० पेक्षा कमी पडलं तरी १० धरायचे) मात्र यात बरोबर चाप बसतो, कारण ते फक्त डी२० ला धरून असतं: लेव्हल ११, डेक्स (चपळाई) २० आणि एक्स्पर्टाइज असेल तर मूळ नियमाने २३ च्या खाली येतच नाही, फाशांनी तळ १७ वर येतो. ज्या टेबलला फासे खुळखुळवायला आवडतात त्यांनी जरूर घ्यावा, पण दर चेकला बेरजा करून डोकं उठतं हे आधीच सांगतो.

तिसरा एकदम साधा: एक्स्पर्टाइज म्हणजे कायम +२, बस. लेव्हल ५ ला ८० चे ७५%, कुणाला कळतही नाही. लेव्हल १७ ला +१७ चे +१३, म्हणजे डीसी २५ ला ६५ चे ४५ आणि ३० ला ४० चे २०. जिथे दुखतं तिथेच दाबतो, म्हणून मला हाच पटतो.

पाथफाइंडर टू (डी अँड डीसारखाच दुसरा गेम) वाल्यांचं दुखणं वेगळं, तिथे कौशल्यात ट्रेन्ड (शिकलेले) असाल तर लेव्हलच बोनसमध्ये मिळते, म्हणून लेव्हल १० ला मास्टर (ट्रेन्डच्या वरची पायरी) १६ वर आणि अनट्रेन्ड शून्यावर. लेव्हल काढून टाकायचा ऑफिशियल व्हेरिएंट आहे पण मॉन्स्टरचे आकडेही सगळे बदलावे लागतात, त्यामुळे चालू कॅम्पेनमध्ये हात घालू नका.

तुमचं कॅम्पेन लेव्हल ८ च्या आसपास संपणार असेल तर काहीच बदलू नका, बार्डला चमकू द्या, त्याने त्यासाठी दुसरं काहीतरी सोडलंय. १० च्या पुढे जाणार असेल तर +२ वाला, आणि तो सेशन झिरोलाच (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीतच) सांगा. आम्ही मध्येच आणला तेव्हा बार्डवाल्याला एक जास्तीची स्किल प्रोफिशियन्सी देऊन मिटवावं लागलं, त्याने परफॉर्मन्स घेतलं, आणि आता प्रत्येक दरवाजासमोर तो आधी गाणं म्हणतो.