जुने सिमेंटचे पत्रे काढून देणारी टीम, मानेवाडा, नागपूर
आमच्या मागच्या खोलीवरचे जुने पत्रे काढून नवीन टीनाचे टाकून घेतले, काम एकदम मस्त. जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे बहुतेक ॲस्बेस्टॉसच (बारीक तंतूंचं एक खनिज) असतं आणि त्याची धूळ श्वासातून आत गेली की तंतू फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणात अडकून बसतात, मेसोथेलिओमा हा कॅन्सर मुख्यतः त्यानेच होतो, आणि तो दिसायला 20 ते 50 वर्षं लागतात म्हणून कोणाला खरंच वाटत नाही ना. छाती दुखते, दम लागतो, छातीत पाणी होतं, तोवर उशीर झालेला असतो.

या पोरांनी आधी पत्र्यांवर भरपूर पाणी मारलं, हुकचे बोल्ट हळूच सोडवले, कटर नाही की हातोडा नाही, अख्खे पत्रे दोघांनी धरून खाली उतरवले अन् जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेप मारला. घट्ट बसणारे फिल्टरवाले मास्क होते, कापडी रुमाल नाही. झाडू मारलाच नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

एक स्टार कापला कारण उरलेले तुकडे बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर टाकू म्हणत होते, तिथे पोरं क्रिकेट खेळतात हो! बुटीबोरीला घातक कचऱ्याची सोय आहे, तिथेच पाठवा असं मी अडूनच बसले तेव्हा ऐकलं. रेट थोडा जास्त आहे पण स्वस्तातले लोक पत्रे फोडून खाली फेकतात, त्यांना बोलावू नका. काम चालू असताना लहान पोरांना घराबाहेर ठेवा.