गळाला केस बांधून आठ महिने: खडस आणि कोळससाठी हेअर रिग वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात मलप्रभा नदीचं पाणी निवळलं, तेव्हापासून खडस (महसीर) आणि कोळस या माशांसाठी मी एकाच पद्धतीने गळ बांधतोय: हेअर रिग, म्हणजे चारा गळात न खोचता गळामागे बारीक धाग्यावर लटकवायचा. मे संपेपर्यंत शनिवार-रविवार मिळून बहुतेक सगळे दिवस खानापूरच्या पुढच्या डोहांवर गेले, चार-पाच खेपा घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या पाणलोटाकडे झाल्या. प्रत्येक ओढ, म्हणजे माशाने चारा ओढल्याची प्रत्येक वेळ, वहीत टिपून ठेवली. आठ महिने एकच गोष्ट हाताळल्यावर जे पक्कं झालं, ते लिहितोय.

आधीची माझी पद्धत आपल्याकडे सगळ्यांची असते तीच. शेंगपेंड आणि कणीक मळून लिंबाएवढा गोळा करायचा, त्यात गळ पूर्ण लपवायचा, वर सरकतं शिसं, आणि रॉडचं टोक हललं की झटका. ओढी भरपूर यायच्या. टोक दोनदा टुकटुक वाजल्यासारखं व्हायचं, मी झटका मारायचो आणि तंगूस सैल. मी वर्षानुवर्षं समजत होतो की माझा हात उशिरा पडतो. मग लवकर झटका मारून बघितलं, उशिरा मारून बघितलं, रॉड हातात धरून बसलो. दहा ओढींत दोन-तीन मासे, यापुढे गाडी जात नव्हती.

डोळे उघडले ते त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये नदी तुटक झाली होती, डोहात पाणी काचेसारखं. उंच खडकावर पालथा पडून मी उकडलेल्या मक्याचे दाणे खाली टाकत होतो. दोन कोळस तळाला फिरत होते. एकाने दाण्याजवळ येऊन तोंड पुढे काढलं, नळी पुढे यावी तसं, आणि दाणा आत ओढला. मग थांबला, आणि फू करून बाहेर टाकला. परत आत, परत बाहेर. तिसऱ्यांदा गिळला. एवढं सगळं मी पाच मोजेपर्यंत. त्याच्या जागी माझा कणकेचा गोळा असता तर तो आत-बाहेर झाला असता आणि गळाचं टोक कणकेतच राहिलं असतं. वर मला टुकटुक दिसली असती. म्हणजे अडचण माझ्या हाताच्या वेगाची नव्हतीच. गळाचं टोक झाकलेलं होतं, एवढीच अडचण होती.

युरोपातल्या नद्यांमध्ये बार्बेल नावाचा मासा आहे, त्याच्यामागे लागणाऱ्यांची हीच रड. बार्बेल तळाला चरतो, तोंड खालच्या अंगाला, वरच्या ओठाला मिशांच्या दोन जोड्या. आपल्या खडसालाही दोनच जोड्या. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा खडस आणि कोळस दोघांनाही त्यांनी बार्बेलच्याच ‘बार्बस’ गटात घातलं होतं, आणि पुढचं नाव आपल्या लोकांच्या तोंडचं ठेवलं: खुद्री आणि कोलस. पुढे शास्त्रज्ञांनी गट बदलले, पण ती नावं शास्त्रीय नावांत आजही आहेत. मला याचं फार अप्रूप वाटतं. आणि चरण्याची तऱ्हा इतकी सारखी असेल तर तिकडचा उपाय इकडे लागू पडावा, असं वाटून मी हेअर रिग हातात घेतला.

हा उपाय मूळचा कार्प माशासाठीचा. १९७० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघांनी तो घडवला. चारा गळात खोचायचाच नाही, गळाच्या मागे बारीक धाग्यावर लटकवायचा. सुरुवातीला खरोखर माणसाचा केस वापरला, म्हणून हे नाव. गळ उघडा राहतो. मासा चारा आत ओढतो तेव्हा मागोमाग गळ आत जातो, आणि फुंकून टाकताना उघडं टोक खालच्या ओठात रुततं. ज्या सवयीने मासा आपल्याला फसवत होता, त्याच सवयीने तो लागतो.

बांधणी अशी. वीतभर नरम विणीचा दोरा घ्यायचा. एका टोकाला मुगाच्या दाण्याएवढा फास. तो फास गळाच्या बाकाखाली लोंबत ठेवायचा, हा लोंबता भाग म्हणजे केस. दोऱ्याचं दुसरं टोक गळाच्या डोळ्यातून ओवायचं, पण पाठीकडून, म्हणजे गळाचं टोक ज्या बाजूला वळलंय त्याच्या उलट बाजूने. मग दांडीवर आठ वेढे खाली घट्ट गुंडाळायचे, केस आत दाबला जाईल असे, आणि तेच टोक पुन्हा पाठीकडूनच डोळ्यातून काढायचं. थुंकी लावून हळू ओढायचं. पहिले पंधरा दिवस मी दुसऱ्या वेळी पुढून ओवत होतो. गाठ दिसायला तशीच दिसते, पण गळ वळत नाही. त्या पंधरा दिवसांत नऊ ओढी आल्या आणि हाती एकच मासा. बरोबर झाली की नाही ते बघायला गळ तळहातावर ठेवून दोरा सावकाश आपल्याकडे ओढा. बरोबर असेल तर दोन बोटं अंतर जायच्या आत गळ फिरतो आणि टोक कातड्याला टोचतं. नुसता घसरत आला तर सोडून परत बांधा.

केस दांडीपासून फाकू नये म्हणून बाकाजवळ रबराचा बारीक तुकडा लागतो. तयार सिलिकॉनची नळी मिळते. मी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दोन मिलिमीटर कापून चढवतो, काम तेच होतं. दाणे ओवायला बायकोची क्रोशाची सगळ्यात बारीक सुई आणि दाणा निसटू नये म्हणून फासात अडकवायला खराट्याच्या हिराचा तुकडा. या दोन्हीसाठी बाजारातून काही आणावं लागलं नाही.

केसाची लांबी हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग. गळाचा बाक आणि पहिला दाणा यांच्यात किती जागा ठेवायची? अगदी चिकटून ठेवलं तर दाणा परत टोकाच्या आड येतो. अंगठ्याच्या पेराएवढं अंतर ठेवलं तर चारा तोंडात आणि गळ बाहेर. डिसेंबरभर मी हेच बदलत बसलो. शेवटी एका तांदळाच्या लांब दाण्याएवढी फट, यावर थांबलो. आता बांधताना खरंच तांदळाचा दाणा धरून मापतो. मक्याचे दोन दाणे किंवा भिजवून उकडलेला एक हरभरा, याला हे माप बसतं. चारा मोठा केला की गळही मोठा पाहिजे. लहान गळाला तीन-चार दाणे लोंबवले की सगळा खेळ बिघडतो.

गळाबद्दल थोडं रागाने लिहावं लागतंय. ऑनलाइन मागवलेलं एक पाकीट इतकं मऊ निघालं की जानेवारीत दीड-दोन किलोचा खडस काठाजवळ येऊन वळला आणि गळ सरळ होऊन हातात आला. बाकीचे पकडीने वाकवून बघितले, सगळे तसेच. तेव्हापासून नवीन पाकिटातला एक गळ मी आधी पकडीत धरून ताणतो. खडसाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, पण त्याचे ओठ जाड आणि मांसल. त्यात बारीक तारेचा गळ टिकत नाही. आता मी सहा आणि आठ नंबरचे, जाड तारेचे, आखूड दांडीचे आणि बाक रुंद असलेले वापरतो.

आणि धार! गळाचं टोक नखावर तिरपं टेकवून अलगद ओढा. अडकलं तर ठीक, घसरलं तर तो गळ बदला. मलप्रभेचा तळ खडकाळ आहे, एकदा दगडाला घासलं की टोक गेलं. मी दर वेळी गळ बाहेर आला की नखावर बघतो. या एका सवयीने जेवढे मासे वाढले, तेवढे बाकी कशानेच नाहीत, असं माझी वही सांगते.

वजनाचं गणितही उलटं निघालं. आपण हलकं, सरकतं शिसं लावतो, माशाला वजन कळू नये म्हणून. इथे वजन कळायलाच हवं. चारा घेऊन मासा डोकं वळवतो, दोरा ताणतो, पुढे ऐंशी ग्रॅमचं अडकतं वजन लागतं, आणि त्या धक्क्यानेच टोक आत जातं. मासा बिचकून पळतो आणि रॉड एकदम वाकतो. पण वजन गाठ मारून कायमचं पक्कं करू नका. तंगूस तुटलं तर मासा ते वजन ओढत फिरेल आणि कुठेतरी अडकून मरेल. झटक्यासरशी सुटेल असंच अडकवायचं. मी तर शिसं सोडलंच, कारण खडकात आठवड्याला तीन-चार जायची. नदीतलाच लांबट गोटा शिवणकामाच्या सुती दोऱ्याने बांधतो. गोटा अडकला तर सुती दोरा तुटतो, गोटा नदीत राहतो, गळ आणि मासा आपल्याकडे येतात. पाण्यात शिसं पडत नाही, याचंही समाधान आहे.

झटका मारायची सवय मोडायला मला दोन महिने लागले. माझे मामा चाळीस वर्षं या नदीवर गळ टाकतायत. ते शेजारी बसले होते. रॉड हलला, माझा हात गेला, आणि मी मागे घेतला.

“अरे मार की! बघत काय बसलास?”

“थांबा मामा, अजून नाही.”

“गेला बघ तो. काय करायलास काय कळत नाही तुझं.”

तेवढ्यात रॉड स्टँडवरून पाण्याकडे ओढला गेला आणि रिळाचा ड्रॅग (तंगूस सुटू देणारा ब्रेक) वाजायला लागला. मी फक्त उचलून धरला. सव्वा किलोचा कोळस, गळ खालच्या ओठाच्या बरोबर मधोमध. मामांनी तो गळ हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला आणि म्हणाले, “उघडाच ठेवतोस होय गळ?”

वहीतला हिशेब देतो. गाठ सुधारल्यानंतर, नोव्हेंबर ते मे, रॉड नीट वाकल्याच्या ओढी एकसष्ट, काठावर आलेले मासे त्रेचाळीस. त्यात कोळस सगळ्यात जास्त, मग हिडकलकडचे सायप्रिनस (कॉमन कार्प), आणि खडस सात. हा एकट्याचा, बहुतेक एकाच नदीवरचा हिशेब आहे. पण याच डोहांवर, याच रॉडने, आधी मी तिसरा हिस्सासुद्धा बाहेर काढत नव्हतो.

गळ ओठात लागतो, घशात जात नाही, म्हणून मासा सोडणं सोपं होतं. मी गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतो. तंगूस ताणलेलं ठेवलं तर बिनकाट्याच्या गळावरून मासा सुटत नाही, आणि काढायला दोन सेकंद लागतात. खडस मी सगळे सोडतो. बार्बेलवाले एक गोष्ट फार कळकळीने सांगतात, ती इथेही खरी ठरली: हा मासा जीव तोडून भांडतो आणि दमतो, त्याला नुसतं पाण्यात टाकू नये. तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात देऊन धरावं. फेब्रुवारीतला एक खडस मी गुडघाभर पाण्यात असा धरून उभा होतो. आधी कल्ले भराभर हलत होते, मग संथ झाले, शेपटीत हळूहळू बळ आलं, आणि त्याने एकदम माझ्या मनगटावर तडाखा दिला व गेला. हात ओले करूनच धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीतपणा निघतो.

तक्रारीही आहेत. चिलापी आणि खवल्या या माशांचा थवा आला की मका दहा मिनिटांत टोकरून संपतो. तेव्हा हरभरा लावा, तो टिकतो. फेकताना केस गळाभोवती गुरफटतो. फेक संपता संपता तंगूस बोटाने हलकं रोखलं की रिग सरळ पडतो. नितळ पाण्यात वीतभर दोरा आखूड पडतो असा संशय आहे. मार्चनंतर मी हातभर लांब केला आणि ओढी वाढल्या, पण तोपर्यंत पाणीही कमी झालं होतं, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं ते पुढच्या हंगामात बघेन. धरणाच्या पाण्यात मासेमारीचा ठेका असतो, तिथे आधी विचारूनच बसा. पहिल्या पावसात अंड्यांचे मासे चढणीला लागतात तेव्हा मी गळ टाकत नाही.

गांडूळ लावायचं असेल तर मात्र ही बांधणी कामाची नाही. ते केसावर टिकत नाही, आणि लोंबकळणाऱ्या गांडुळाला मासा शेपटीकडून ओढून नेतो. वामीसाठी मी अजून जुनाच गळ वापरतो, गांडूळ ओवून, आणि मामा म्हणतील तेव्हा झटका.