आवाज कमावताना: मेहनत स्वरतंतूंवर की घुमाऱ्यावर?

आवाज सुधारायचा म्हटलं की बरेच जण थेट खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावून बसतात. त्याआधी तक्रार कुठली आहे ते पाहावं. स्वरतंतूंचं काम निराळं आणि त्यांच्या वरच्या, आवाजाला घुमारा देणाऱ्या पोकळीचं, म्हणजे घसा, तोंड आणि नाकाचं, निराळं.

पट्टी, म्हणजे आवाज किती वरचा किंवा खालचा, ते ठरवतात स्वरतंतू. बोलताना पुरुषांचे सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा कंप पावतात, बायकांचे २००च्या आसपास. ते नीट मिटले नाहीत तर हवा निसटून आवाज फुसफुसतो, सुजले तर घोगरा होतो. त्यांची लांबी-जाडी उपजत. काळी एकचा (खालच्या पट्टीचा) गळा रियाजाने पांढरी पाचचा (वरच्या पट्टीचा) होत नाही.

पोकळीत मात्र बदल करायला भरपूर वाव आहे. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, तरी ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे कळतात. ती करामत जीभ, ओठ आणि जबड्याची. ऑपेराचे गायक माइकशिवाय अख्ख्या ऑर्केस्ट्रावर ऐकू येतात तेही निव्वळ जोरावर नाही. स्वरयंत्राच्या लगेच वरची नळी आवळून ते ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला ३००० कंपनांच्या) आसपासचा घुमारा वाढवतात. वाद्यवृंदाचा जोर ५००च्या आसपास असतो, इतक्या वर तो बराच ओसरलेला असतो.

म्हणून शिकवताना आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसेल तर ओरडू नका, जबडा सैल सोडून तोंड उघडा. आवाज गेंगाणा वाटतो? नाक चिमटीत धरून ‘काका पोळी खा’ म्हणा. फरक पडला तर हवा नाकात जाते आहे. हीही पोकळीचीच बाब.

संध्याकाळपर्यंत आवाज बसतो, वरचे सूर फाटतात, तेव्हा संशय स्वरतंतूंवर. पाणी प्या, बोलणं कमी करा, सारखं खाकरणं सोडा. (गुळण्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही.) घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला तर रियाज थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. जास्त ताणामुळे बारीक गाठी आल्या असतील तर सहसा आधी स्पीच थेरपी देतात, शस्त्रक्रिया नंतरची गोष्ट.

आवाज निरोगी असेल तर मी आधी पोकळीवर मेहनत घेईन. दोन्हींना उपयोगी व्यायाम हवा तर बारीक स्ट्रॉ ओठांत धरून त्यातून ‘ऊ’ खालून वर, वरून खाली न्या. तोंडातला दाब वाढतो आणि स्वरतंतू एकमेकांवर कमी आपटतात. गाल फुगू लागले किंवा घसा आवळला, तर जोर जास्त लागतो आहे.